भाकरी किती खावी आणि केव्हा खावी?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला आहारावर बोलायला सांगितले. मी डॉक्टर नाही. शाळा नववीला सुटली आणि तीस वर्षे सूतगिरणीच्या रिंग खात्यात काढली. जे थोडेफार शिकलो ते युनियनच्या वाचनालयात आणि रात्री दिव्याखाली. या विषयावरचे इंग्रजी कागद माझ्या मुलीने मला वाचून समजावून सांगितले. ती नर्सिंगला आहे. तेव्हा मी जे सांगेन ते ऐका, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच अमलात आणा, ही पहिली विनंती.

आपल्या वस्तीत आज घरटी एक तरी माणूस शुगरचा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर सांगितली आहे. म्हणजे शंभर मोठ्या माणसांत अकराहून जास्त. हा श्रीमंतांचा आजार आहे असे म्हणायचे दिवस गेले. बाबासाहेबांच्या शरीराला शेवटच्या वर्षांत या मधुमेहाने किती पोखरले हे आपल्याला माहीत आहे. तरीसुद्धा आपण त्याच्याकडे गांभीर्याने बघत नाही.

आता डॉक्टर सांगतात, "भात-भाकरी कमी करा." बरेच जण करतातही. मग खात्यात मला येऊन विचारतात, "दादा, पाच भाकऱ्यांवरनं दोनवर आलोय. पण ह्या दोन खायच्या कधी? सकाळी, का कामाच्या आधी, का रात्री निवांत?" प्रश्न साधा दिसतो. पण ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याला साध्या उत्तराने भागत नाही. म्हणून आज या एकाच प्रश्नावर बोलतो.

आधी हिशेब समजून घेऊ. भाकरी, चपाती, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ या सगळ्यांत मुख्य माल एकच, कर्बोदके. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते आणि ती रक्तात उतरते. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन ती साखर पेशींच्या आत पोचवते. मधुमेहात एक तर इन्सुलिन कमी पडते, नाहीतर पेशी त्याला दाद देत नाहीत. मग साखर रक्तातच फिरत राहते आणि डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा, हृदय यांची नासाडी करते.

ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदके असतात. वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ४०. दोन चमचे साखरेच्या चहात १०. आता आपल्या एखाद्या कामगाराचा दिवस मोजा. सकाळी बशीभर पोहे, दिवसाला पाच भाकऱ्या, दोन वाट्या भात आणि चार चहा. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आकडा जातो, डाळ-उसळीतले वेगळेच. त्याच परिषदेच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय माणसाच्या अन्नातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे दिसले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती मला फार महत्त्वाची वाटली. भाताच्या जागी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ आणले, पण कर्बोदकांची एकूण मात्रा तेवढीच राहिली, तर धोका कमी झालेला दिसला नाही. म्हणजे "मी भात सोडला, आता चार चपात्या खातो" यात काही साधत नाही. आपण सोलापूर भागातली माणसे ज्वारीचा अभिमान बाळगतो, तो बाळगावाच. पण ज्वारीसुद्धा मोजूनच खाल्ली पाहिजे.

कमी कर्बोदकांचा आहार कशाला म्हणायचे? दिवसाला १३० ग्रॅमच्या आत असेल तर साधारणपणे तसे म्हणतात. दोन भाकऱ्या, दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी आणि ताक, एवढ्यात तो आकडा भरतो. पोटाची बाकी जागा अंडी, सुकट, मासे, मटण, सोयाबीन, शेंगदाणे, भाज्या यांनी भरायची. वीस-तीस ग्रॅमवर उतरणारे कडक प्रकारही आहेत. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणी करू नयेत. मला वाटते, आपल्यासारख्यांना दोन भाकऱ्यांचा आहार झेपतो, परवडतो आणि टिकतो.

एक लक्षात घ्या. मात्रा आधी, वेळ नंतर. पाच भाकऱ्या मुहूर्त बघून खाल्ल्या म्हणून शुगर उतरत नाही. पण मात्रा एकदा कमी केली की वेळेला खरोखर किंमत येते. कशी ते सांगतो.

आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. भिंतीवरचे घड्याळ आणि गिरणीचा भोंगा त्याला कळत नाही. त्याला उजेड आणि अंधार कळतो. रात्र झाली की इन्सुलिनचे काम मंदावते. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात निरोगी माणसांवर प्रयोग झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेच जेवण सकाळी आठला दिले आणि रात्री आठला दिले. रात्रीच्या जेवणानंतर रक्तातली साखर १७ टक्के जास्त चढली. अन्न तेच, माणूस तोच, वेळ तेवढी बदलली.

त्याच शहरात दुसरा प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. हा तर आपल्यासाठीच केला असे म्हणावे लागेल. १९ तरुण निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून रातपाळीसारखे जागवले. काहींना रात्रीही जेवण दिले, काहींना फक्त दिवसाच्या वेळात. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसा जेवणाऱ्यांची म्हणण्यासारखी वाढली नाही, जागरण तेवढेच असूनसुद्धा. माणसे थोडी होती आणि निरोगी होती, हे मान्य. तरी त्यातून दिशा कळते. रातपाळी आपल्या हातात नाही, ती मालक लावतो. पण रात्री अडीच वाजता डबा उघडून दोन भाकऱ्या आणि भात खायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.

कोणी म्हणेल, मग सगळी भाकरी सकाळीच खाऊन टाकू. तिथेही जरा थांबा. निरोगी माणसाचे शरीर सकाळी साखर चांगली पेलते, हे खरे. परंतु अनेक मधुमेहींच्या बाबतीत पहाटेच यकृत रक्तात साखर सोडू लागते. म्हणून उठल्या उठल्या, काही न खाताच शुगर १५०-१६० दिसते. त्यावर पोहे आणि गोड चहा पडला की दिवसातला सर्वात उंच आकडा नाश्त्यानंतरच येतो. अशा माणसाने नाश्त्याला अंडी, मुगाचे धिरडे, मटकीची उसळ असे काही खावे आणि भाकरी दुपारच्या जेवणाला ठेवावी. आपण कोणत्या गटात आहोत हे कसे कळणार? तपासून. ग्लुकोमीटरने जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा साखर बघायची. एका आठवड्यात भाकरी सकाळी, दुसऱ्या आठवड्यात तीच भाकरी दुपारी. आकडे वहीत लिहा. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका, माझ्यासुद्धा. स्वतः तपासून पाहा आणि मग स्वीकारा, ही शिकवण तर आपल्याला या विहारातच मिळालेली आहे.

वेळेचा आणखी एक भाग आहे, तो ताटातला. आपण काय करतो? भाकरी मोडतो, कालवणात कुस्करतो आणि पहिला घास तोच घेतो. न्यूयॉर्कमध्ये ११ मधुमेही रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. एकदा त्यांना पाव आणि फळांचा रस आधी दिला, भाजी-कोंबडी नंतर. दुसऱ्यांदा भाजी-कोंबडी आधी आणि पंधरा मिनिटांनी पाव. दुसऱ्या वेळी तासाभराने मोजलेली साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी निघाली. अन्न तेवढेच, फक्त क्रम उलटा. याला पैसा लागत नाही. आधी काकडी, मेथी, उसळ, अंडे खा. भाकरी शेवटी, उरलेल्या कालवणाबरोबर. सुरुवातीला चमत्कारिक वाटते, मग सवय होते.

आणि जेवल्यावर चाला. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने ४१ मधुमेहींवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसात कधीतरी अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालले, तर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. संध्याकाळच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. याचे कारण असे की चालता स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनची तेवढी गरज लागत नाही. म्हणून भाकरीची खरी वेळ म्हणजे जिच्यानंतर अंगाला काम आहे ती. साच्यावर फेऱ्या मारणाऱ्या माणसाने भाकरी खाऊन कामावर जावे. भाकरी खाऊन अंथरुणावर पडू नये.

"भाकरी कमी केली तर ताकद कुठनं येणार?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. शरीरात साखरेचा साठा असतो, चरबीचा तर फारच मोठा असतो. संथ गतीच्या कामाला शरीर चरबी जाळते. पहिले दोन-तीन आठवडे थकवा येतो, डोके जड होते, कारण शरीराची जुनी सवय मोडत असते. या दिवसांत पाणी भरपूर प्या आणि ताकात थोडे मीठ घाला. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचे आधी विचारून घ्या.

आता तिन्ही पाळ्यांचा हिशेब मांडतो. आठ ते चारची पहिली पाळी असेल तर एक भाकरी कामावर जाण्यापूर्वी किंवा मधल्या सुट्टीत, वहीत जे बरे दिसेल त्याप्रमाणे. दुसरी संध्याकाळी सातच्या आत. चार ते बाराची दुसरी पाळी असेल तर एक भाकरी दुपारी बाराच्या जेवणाला, दुसरी रात्रीच्या सुट्टीत, तीही आठच्या आत मिळाली तर. साडेबाराला घरी येऊन पुन्हा ताट मांडायचे नाही. फार भूक असेल तर ताक किंवा एखादे उकडलेले अंडे. बारा ते आठच्या तिसऱ्या पाळीला संध्याकाळी सातला भाकरीसह पूर्ण जेवून घ्या. रात्री डब्यात मूठभर शेंगदाणे, अंडी, काकडी, बिनसाखरेचा चहा. सकाळी घरी आल्यावर दुसरी भाकरी, थोडे चालणे आणि मग झोप.

हे सगळे ऐकून उद्यापासून भाकरी सोडायला कोणी निघू नका. याच ठिकाणी धोका आहे.

आमच्या खात्यातल्या एका साथीदाराची गोष्ट सांगतो. कुठल्यातरी शिबिरात पैसे भरून त्याने सल्ला घेतला. सल्ला देणाऱ्याने सांगितले, धान्य बंद. गोळी कोणती चालू आहे हे विचारलेसुद्धा नाही. याने संध्याकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, भाकरी खाल्ली नाही आणि पाळीवर आला. रात्री दहाच्या सुमारास तो घामाने निथळायला लागला, हात थरथरत होते, बोलणे बरळल्यासारखे. मुकादम म्हणाला, "पिऊन आलाय, बाहेर काढा ह्याला." ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्यावर हा आरोप! शेजारच्या साच्यावरच्या बाईने ओळखले, कारण तिच्या घरात शुगरचा माणूस होता. तिने पाण्यात साखर ढवळून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत माणूस ठिकाणावर आला. चालत्या यंत्रात हात गेला असता तर? नुसत्या कल्पनेने अंगावर काटा येतो.

म्हणून नीट ऐका. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन, ही औषधे तुम्ही जेवा न जेवा, साखर खाली खेचतातच. भाकरी कमी करायची तर या औषधांची मात्रा डॉक्टरांनी आधी बदलून दिली पाहिजे. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका बराच कमी असतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी कर्बोदके फार कमी केली, तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर धोका असतो. गरोदर बायका, लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले रुग्ण आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी स्वतःच्या मनाने काहीही करू नये. साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, घाबरे होणे सुरू झाले, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. मात्र बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, थेट दवाखान्यात न्या. प्रत्येकाने खिशात साखरेची पुडी ठेवावी. त्या वेळी "मी कमी साखरेच्या आहारावर आहे" हे मनात आणायचे नाही.

हीच गोष्ट विहाराशीही जोडलेली आहे. पौर्णिमेला आणि वर्षावासात आपले अनेक उपासक-उपासिका अष्टशील पाळतात. विकालभोजन टाळायचे म्हणून दुपारी बारानंतर जेवत नाहीत. चांगले आहे. पण संध्याकाळची गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून जेवण बंद केले, तर आमच्या साथीदाराचे झाले तेच होईल. आधी डॉक्टरांना सांगा, आणि साखर उतरली तर निःशंकपणे गोड घ्या. विनयातच आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि उसाची काकवी ही पाच औषधे अवेळीसुद्धा घ्यायला परवानगी दिलेली आहे. धम्माने आजारी माणसाला कधी अडवले नाही.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट येते. तो द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत बुद्धांकडे यायचा. बुद्धांनी त्याला जेवणातल्या मात्रेविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावून जेवणाच्या वेळी म्हणायला ठेवले. हळूहळू भात नळीभर मापावर आला आणि राजाचे अंग हलके झाले. भात एका दिवसात कमी झाला नाही, आणि जेवताना आठवण करून देणारे माणूस राजालाही लागले.

आपल्या घरात ते माणूस म्हणजे आई किंवा बायको. पण तिच्या ताटाकडे कोण बघतो? सगळ्यांची जेवणे झाली की दहा-अकराला ती बसते. तोवर अंडे संपलेले, उसळ खरवडलेली. उरतो तो भात, शिळी भाकरी आणि लोणचे. म्हणजे सगळ्यांत उशिरा जेवण तिचे, आणि ताटात नुसती कर्बोदके तिच्याच. मग तिची शुगर ३०० झाली की आपण म्हणतो, ही पथ्य पाळत नाही! बांधवांनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. सातला सगळ्यांनी एकत्र बसा आणि तिच्या वाटणीचे अंडे, तिची उसळ आधी तिच्या ताटात वाढा. पाळीमुळे तुम्ही घरी नसाल तर तिने तुमच्यासाठी थांबायचे नाही, हे तिला तुम्ही स्वतः सांगा.

शेवटी दोन मागण्या. पहिली कारखान्याकडे. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कँटीन आणि सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती, या तरतुदी आपल्याला मिळाल्या. त्या संघर्षातून मिळाल्या. त्या कँटीनमध्ये रात्री फक्त वडापाव, पाव-भजी आणि गोड चहाच का? उकडलेली अंडी, उसळ, शेंगदाणे, ताक, बिनसाखरेचा चहा ठेवा, ही मागणी प्रत्येक कँटीन समितीत लावून धरा. शुगरच्या कामगाराला जेवणाची सुट्टी वेळेवर सोडा आणि खात्यात साखरेचा डबा ठेवा, हेही मागा. दुसरी विनंती विहार समितीला. दर रविवारी वंदनेनंतर तासभर ग्लुकोमीटर आणि एक वही घेऊन कोणीतरी इथे बसावे. पट्ट्यांचा खर्च वर्गणीतून निघेल. पहिल्या महिन्याची वर्गणी मी आजच देतो, आणि वही सांभाळायला मुलगी तयार आहे.

दोन भाकऱ्या, उजेडात, ताटात शेवटी, आणि त्यानंतर अंगाला काम. गोळी डॉक्टरांना विचारून. एवढे लक्षात राहिले तरी माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.